नवा साप घरी आल्यावर: आधी ऊब, मग अन्न, हात शेवटी

साप घरी आणलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी दोन प्रश्न विचारतो: याला खायला काय घालू, आणि हातात कधी घेऊ? प्रश्न स्वाभाविक आहेत. कुत्रं, मांजर, गाय, पोपट, या सगळ्यांशी आपली ओळख खाऊ घालण्यातून आणि अंगावरून हात फिरवण्यातूनच वाढते. सापाच्या बाबतीत मात्र हीच घाई नडते. नव्या जागेत आलेल्या सापाला पहिले काही दिवस ना अन्नाची गरज असते, ना आपल्या हाताची. त्याला योग्य तापमान हवं असतं, लपायला अंधारी जागा हवी असते आणि कोणी छेडू नये एवढंच हवं असतं. हे तिन्ही मिळालं की तो आपणहून खातो. खाऊ लागला की हाताळणीही सोपी होते. क्रम उलटा केला तर साप खात नाही, खाल्लेलं ओकतो, फुत्कारतो, चावतो, आणि मालक ठरवून टाकतो की साप ‘बिघडलेला’ निघाला.

पुढे जाण्याआधी एक सीमा आखून घ्यायला हवी. माळावर, उसाच्या फडात किंवा पडक्या वाड्यात सापडलेल्या सापाविषयी हा लेख नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडचा कुठलाही रानटी साप, विषारी असो की बिनविषारी, पकडून घरात ठेवता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस, धामण, अजगर हे पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद व किमान २५ हजार रुपये दंड आहे. गुप्तधनाच्या आणि औषधाच्या भाकडकथांपायी लाखोंच्या बोलीवर विकलं जाणारं बिचारं मांडूळही कायद्याने संरक्षितच आहे. सोडवलेला साप ‘दोन दिवस पोरांना दाखवू’ म्हणून बरणीत ठेवणारा तरुणही याच कलमांखाली येतो, भले त्याच्या मनात वाईट काही नसो. घरात साप निघाला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. ते काम तिथेच संपतं.

उरतात ते परदेशी जातींचे, बंदिवासात जन्मलेले साप. आपल्याकडच्या हौशी लोकांकडे मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक दिसतो. दोन्ही बिनविषारी आहेत. बॉल पायथन आणि बोआ जातीचे साप आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीत असल्याने ते आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांच्या आत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, पण तो कोणाच्या पैदाशीतला आहे याची लेखी पावती त्याच्याही बाबतीत मागून घ्यावी. विक्रेता कागदाला टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथेच मोडावा. परदेशी विषारी सापाचा तर विचारही नको. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते. दुसऱ्या खंडातल्या सापाच्या विषावर तिच्या भरवशावर राहता येणार नाही.

आता मूळ मुद्दा. ऊब आधी आणि अन्न नंतर का, याचं उत्तर सापाच्या शरीरात आहे. आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा शरीर गरम ठेवण्यात खर्च होतो. साप तो खर्च करतच नाही, ऊब बाहेरून घेतो. म्हणून त्याला अन्न फार थोडं लागतं, पण ते पचवायला बाहेरची ऊब लागतेच. भक्ष्य गिळणं ही सापासाठी केवढी मोठी शारीरिक घटना असते याचा अभ्यास बर्मी अजगरांवर झाला आहे. ‘नेचर’ या नियतकालिकात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जेवणानंतर दोन दिवसांत अजगराच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचं वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. आतडं जाड होतं, प्राणवायूचा वापर कित्येक पटींनी वाढतो, आणि पचन संपलं की सगळं पूर्ववत होतं. एवढी यंत्रणा उभी करायची तर शरीर गरम हवं आणि प्राणी निर्धास्त हवा. गारठलेल्या सापाच्या पोटात उंदीर पचण्याआधी सडू लागतो. घाबरलेला साप पळायला हलकं व्हावं म्हणून गिळलेलं बाहेर टाकतो. अशा ओकारीत पोटातली आम्लं आणि द्रव निघून जातात, अन्ननलिकेला इजा होते, आणि लहान पिल्लू दोन-तीन वेळा ओकलं तर दगावूही शकतं. म्हणजे आणल्या दिवशी प्रेमाने घातलेला उंदीर त्याच्या जिवावर बेतू शकतो.

ऊब म्हटलं की सोलापूरकराला वाटेल, आपल्याकडे तिची काय कमी! पण इथली अडचण दुहेरी आहे. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश हवे असतात. कॉर्न स्नेकला दोन्हीकडे दोन-तीन अंश कमी चालतात. साप या दोन टोकांमध्ये सरकत आपलं तापमान स्वतः जुळवतो, म्हणून पेटीत एकसारखी ऊब असून उपयोग नाही, उतार हवा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. अशा खोलीत पेटीचं गार टोकच नाहीसं होतं. ३५ च्या वरचं तापमान तासन् तास राहिलं तर साप उष्माघाताने मरू शकतो, आणि थंडीने येणाऱ्या मरणापेक्षा हे मरण फार लवकर येतं. उलट डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५ च्या आसपास उतरतो आणि संध्याकाळी गिळलेलं भक्ष्य पहाटेपर्यंत थंड पोटात पडून राहतं. म्हणून साप आणण्याआधी किमान आठवडाभर रिकामी पेटी चालू ठेवून दोन्ही टोकांना तापमापक लावून सकाळ, दुपार, रात्र नोंद घ्यावी. ज्याला हा एक आठवडा जड जातो, त्याने साप आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खोली निवडताना जुन्या माळवदाच्या घरातली मधली खोली उत्तम. ती नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची, पश्चिमेचं ऊन न येणारी. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट पेटीवर नको, पण त्याच खोलीत कूलर असणं बॉल पायथनला मानवतं, कारण खोली निवते आणि हवेत ओलावाही येतो. इथल्या कोरड्या हवेत हा ओलावा महत्त्वाचा आहे. तो कमी पडला की कात एकसंध निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी चिकटून राहते, डोळ्यांवरच्या कातीचा पापुद्रा अडकून राहतो. एका लपणात ओलं शेवाळ किंवा ओलसर नारळाचा भुसा ठेवावा. अडकलेली कात ओढून काढू नये, कोमट ओलाव्यात ती सुटते. हिवाळ्यासाठी तापपट्टी लावली तर थर्मोस्टॅटसह, नाहीतर मुळीच नाही. पेटीच्या आत उघडा बल्ब किंवा तापणारा दगड ठेवला तर साप त्याला बिलगून भाजतो आणि तरी दूर होत नाही. वीज गेली तर फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली काही तास निभावून नेते.

सोलापुरात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं लागतं. पूर्व भागात अजूनही कित्येक घरांच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात. सापाला बाहेरचा कान नसतो, पण जमिनीतली आणि खालच्या पट्टीतल्या आवाजाची कंपनं त्याच्या कवटीच्या हाडांतून आतल्या कानापर्यंत पोहोचतात. दिवसभर थरथरणाऱ्या फरशीवर ठेवलेल्या सापाला सतत कोणीतरी जवळ येत असल्याचा भास होत असला तर नवल नाही. मागाच्या भिंतीला लागून पेटी ठेवू नये, आणि खाली जाड रबराची किंवा थर्मोकोलची गादी द्यावी. देव्हाऱ्याजवळ पेटी ठेवून उदबत्ती लावणं, सापावर हळदकुंकू वाहणं, त्याच खोलीत डासांची कॉइल किंवा फवारा वापरणं हे सगळं टाळावं. श्रद्धेने केलेला धूरही त्याच्या फुप्फुसाला तितकाच त्रासदायक असतो.

पेटी तयार झाली, साप आला, की सात दिवस फक्त पाणी बदलायचं. अंगाला घट्ट बसतील अशी दोन लपणं, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. कुलूप लागणारं झाकण. आपल्या वस्तीत साप निसटला तर तो कोणत्या देशाचा हे कोणी विचारत बसत नाही, काठी पडते. पाहुण्यांना दाखवणं, काचेवर टकटक करणं, फोटोसाठी लपण उचलणं यांतलं काहीही या आठवड्यात नको. सातव्या-आठव्या दिवशी, शक्यतो अंधार पडल्यावर, पहिलं भक्ष्य द्यावं. सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग असेल साधारण तेवढ्याच जाडीचा उंदीर पुरे. वाढतं पिल्लू दर पाच-सात दिवसांनी खातं, प्रौढ बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांतून एकदा पुरतं. पैदास केंद्रातला, मारून गोठवलेला पांढरा उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्यावा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात अंग कोमट करावं. मायक्रोवेव्ह नको, तो कुठे थंड तर कुठे शिजलेला उंदीर देतो. लांब चिमट्याने समोर धरावा, थोडा हलवावा, आणि साप वळला नाही तर लपणाच्या तोंडाशी ठेवून दिवा मालवून खोलीबाहेर यावं. सकाळपर्यंत तसाच राहिला तर फेकून द्यावा, पुन्हा गोठवू नये, आणि पुढचा प्रयत्न आठवड्याने.

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. ‘तो उपाशी मरेल’ ही भीती अगदी खरी वाटते, पण सापाच्या बाबतीत उपास आणि उपासमार यांत फार अंतर आहे. निरोगी प्रौढ बॉल पायथन कित्येक महिने खात नाही आणि तरी धडधाकट राहतो. नव्या जागी, विणीच्या काळात किंवा कात टाकण्याआधी तर तो हमखास तोंड फिरवतो. भीतीपेक्षा वजनकाट्यावर विसंबावं. दोन आठवड्यांतून एकदा वजन करून वहीत लिहावं. वजन दहा टक्क्यांहून अधिक उतरलं, कणा वर दिसू लागला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, तोंडाशी फेस दिसतो किंवा साप तोंड उघडं टाकून मान वर धरून बसतो, तर डॉक्टर गाठावा. अगदी लहान पिल्लाला मात्र एवढी सूट नाही. तीन-चार आठवडे सलग नकार दिला तर थांबू नये. सापांवर उपचार करणारे डॉक्टर सहसा पुण्या-मुंबईत मिळतात. त्यांचा पत्ता आणि फोन साप आणण्याआधी मिळवून ठेवावा, आजारपणात शोधायला निघू नये. स्वतः जबरदस्तीने घशात भक्ष्य कोंबणं हा उपाय नव्हे, त्याने जबडा आणि अन्ननलिका दोन्ही जखमी होतात.

दुसरा आक्षेप असा की साप रानात जिवंत शिकार करतो, मग घरी मेलेला उंदीर का? रानात साप दबा धरतो, शिकारीला पळायला वाट असते. बंद पेटीत भुकेला नसलेला साप आणि घाबरलेला उंदीर एकत्र कोंडले की उंदीरच सापाला कुरतडतो. पाठीची कातडी आणि डोळे गमावलेले पाळीव साप यातूनच होतात, आणि उंदराचे हाल होतात ते वेगळे. याहून वाईट म्हणजे घरात किंवा शेतात पकडलेला उंदीर घालणं. आपल्याकडे धान्यात आणि उसात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड आणि ब्रोमॅडिओलोन सर्रास टाकतात. विष खाल्लेला उंदीर पकडला जाईपर्यंत तरतरीत दिसू शकतो. खाटकाकडचं कोंबडीचं मांसही पुरेसं नाही, कारण सापाला हाडांतलं कॅल्शियम आणि यकृतातली जीवनसत्त्वं अख्ख्या प्राण्यातून मिळतात. दूध तर त्याचं अन्नच नाही. नागपंचमीच्या टोपलीतला नाग दूध पितो तो दिवसेंदिवस तहानलेला ठेवल्यामुळे, आणि ते त्याला पचत नाही. घर शाकाहारी असेल तर हा प्रश्न आधीच मिटवावा. एकही साप शाकाहारी नाही, आणि त्याचं खाणं आज ना उद्या कुठल्यातरी फ्रीजरमध्ये येणार. त्यासाठी वेगळा लहान फ्रीजर घेता येत नसेल आणि घरातल्या थोरांना हे खपणार नसेल, तर सापाचा हट्ट सोडावा. ज्या घरात त्याचं अन्न चोरून आणावं लागतं तिथे तो नीट पोसला जात नाही.

हाताळणी तिसरी. साप दोन-तीन वेळा न चुकता जेवला आणि एकदाही ओकला नाही, की सुरुवात करावी. जेवणानंतर पूर्ण दोन दिवस हात लावायचा नाही. डोळे निळसर-धुरकट झाले म्हणजे कात यायची आहे. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि तो बिथरलेला असतो, तेव्हाही नाही. हात साबणाने धुवून घ्यावेत, उंदराचा वास बोटाला असेल तर सापाच्या लेखी ते बोट उंदीरच असतं. वरून झडप घालून उचलू नये, कारण वरून येतात ते घार आणि घुबड. आधी आकड्याने किंवा कागदाच्या नळीने अंगाला हलकेच स्पर्श करावा म्हणजे हे जेवण नाही हे त्याला कळतं. मग बाजूने दोन्ही हात खाली सरकवून मध्य आणि शेपटीकडचा भाग तोलून धरावा. मानेला किंवा शेपटीला धरून लोंबकळवणं हा खेळ गारुड्यांचा, त्याने मणके दुखावतात. पहिल्यांदा पाच मिनिटं, पुढे दहा-पंधरा, आठवड्यातून दोनदा, तेही बसून, जमिनीपासून फार उंच नाही. चावलाच तर हिसका देऊ नये, त्याचे बारीक मागे वळलेले दात तुटून बोटात राहतात. तोंडाशी गार पाणी सोडलं की तो सहसा सोडतो. जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारावं. साल्मोनेलाचे जंतू सापाच्या विष्ठेत असतात, म्हणून पेटीची भांडी मोरीत नको, हाताळल्यावर पुन्हा हात धुणं आलंच, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या व गरोदर बाईच्या हाती साप देऊ नये.

यावर हौशी मंडळींचं म्हणणं असतं की पिल्लू पहिल्या दिवसापासून हातात खेळवलं तरच माणसाळतं. कुत्र्याच्या पिल्लाबाबत ते खरं आहे, कारण कुत्रा कळपात वाढणारा प्राणी आहे आणि लहानपणीच्या ठरावीक आठवड्यांत त्याला सोबतीची ओढ लागते. बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक एकटे राहणारे साप आहेत. ते आपल्याविषयी शिकतात ते एवढंच की हा मोठा गरम प्राणी येतो, उचलतो, आणि काही इजा करत नाही. हे शिकण्यासाठी प्रत्येक वेळी अनुभव खरोखर निर्धास्त असावा लागतो. भेदरलेल्या, न जेवलेल्या सापाला रोज उचललं तर तो नेमका उलटा धडा शिकतो. मुठीत निपचित पडलेला साप ‘शांत’ वाटतो, पण बॉल पायथन भीतीनेच गोळा होऊन डोकं आत लपवतो, त्याचं नावच त्यावरून पडलं आहे. जीभ सावकाश बाहेर-आत होते, अंग सैल आहे, पुढे पुढे सरकत हाताचा वास घेतो, ही खरी निवांतपणाची खूण.

आणि मग कोणीतरी शेटफळचा दाखला देतो. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावाची ख्याती अशी सांगितली जाते की तिथे घरांच्या आढ्यात नागासाठी जागा राखलेली असते आणि नाग माणसांत वावरतो, मग पाळीव सापाची एवढी बडदास्त कशाला? पण या कथेतला नाग नीट पाहा. तो आपणहून येतो आणि आपणहून जातो. ऊब, सावली, उंदीर त्याचे तो शोधतो. त्याला कोणी पेटीत घालत नाही. शेटफळचा दाखला हाताळणीच्या बाजूने उभाच राहत नाही. तिथल्या सोबतीचं कारणच मुळी सापाच्या वाटेला न जाण्यात असावं. पेटीतल्या सापाची वाट आपण बंद केलेली असते, म्हणून त्याने स्वतः निवडलं असतं ते सगळं आपण पुरवणं भाग आहे.

हे वीस-तीस वर्षांचं काम आहे. बॉल पायथन चांगल्या सांभाळात सहज तेवढा जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने वयाच्या साठीनंतर, २०२० साली, अंडी घातली होती. शिक्षण, नोकरी, बदली, लग्न यांत साप सांभाळणं जमेनासं झालं तर तो हिप्परग्याच्या तलावाकाठी किंवा नान्नजच्या माळरानावर सोडून देऊ नये. परदेशी साप बहुधा तिथे मरतो, आणि जगलाच तर स्थानिक सापांना नवे रोग देऊ शकतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये सुटलेल्या बर्मी अजगरांनी तिथले छोटे सस्तन प्राणी कसे संपवत आणले, हे जगासमोर आहे. नोंदणी झालेला साप दुसऱ्या जबाबदार माणसाकडे द्यायचा तर हस्तांतरणाचीही नोंद पोर्टलवर करावी लागते. माणूस मिळेपर्यंत वन विभागाच्या स्थानिक कार्यालयाला लेखी कळवून साप आपल्याच पेटीत, त्याच तापमानात ठेवावा, आणि देताना वजनाची वही, शेवटच्या जेवणाची तारीख आणि डॉक्टरांचा फोन नव्या मालकाच्या हाती द्यावा.